तुमचे प्रश्न, इतिहासाची उत्तरं : कोल्हापूरची लढाई, २८ डिसेंबर १६५९

मागच्या अंकात अफझलखान प्रकरणानंतर काय काय घडलं त्यावर चार ओळी लिहिल्या होत्या आणि त्यात २८ डिसेंबर १६५९ ला कोल्हापूरजवळ झालेल्या लढाईचा नुसता एका वाक्यात उल्लेख होता. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सअॅप मेसेज आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. बरेचसे प्रश्न एकसारखेच होते, ते एकत्र केलेत.

प्रश्न (शिवाजी पेठेतून) : सर, जन्म पेठेत गेला, तालमीत वाढलो, पावनखिंडीच्या मोहिमेला दरवर्षी जातो, पण खुद्द कोल्हापूरच्या मैदानात महाराजांनी लढाई मारली हे तुमच्याकडनंच पहिल्यांदा कळलं. खरंच अशी लढाई झाली, की पन्हाळ्याच्या वेढ्यालाच तुम्ही लढाई म्हणताय?

उत्तर : भावा, झाली, आणि दणदणीत झाली. वेढा वेगळा, तो मार्च १६६० मध्ये पडला, ही लढाई त्याच्या दोन महिने आधीची.

जरा मागून सांगतो म्हणजे साखळी लागेल. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली अफझलखान पडला, त्याच दिवशी जावळीच्या जंगलात त्याची फौज मोडली. एवढं मोठं काम झाल्यावर कुणीही चार दिवस दम खाईल, जखमी बघेल, लूट मोजेल. महाराजांनी लगेच वाईकडनं खाली उतरून आदिलशाही मुलखात मुसंडी मारली, नेताजी पालकर वेगळी फौज घेऊन दुसऱ्या अंगानं गावं-ठाणी घेत सुटले, आणि २८ नोव्हेंबरला पन्हाळा हातात आला. खान पडल्यापासून अठराव्या दिवशी! पन्हाळा म्हणजे काय साधा गड नाही, शिलाहारांपासून ज्याच्या हातात पन्हाळा त्याच्या हातात हा सगळा मुलूख असा हिशोब, त्यामुळं विजापूरला खान गेल्याचं दुःख पचायच्या आतच हा दुसरा दणका बसला.

मग विजापूरहून रुस्तुम-ए-जमानला पाठवला. मिरज-कोल्हापूरपासून खाली कारवारपर्यंतचा पट्टा याच्याकडेच होता, म्हणजे घरच्या अंगणातच शत्रू येऊन बसलेला. त्याच्यासोबत फाजलखान, अफझलखानाचा मुलगा, जो जावळीतनं कसाबसा जीव वाचवून पळाला होता आणि आता बापाचा सूड घ्यायला निघाला होता. शिवाय मलिक इतबार, सादतखान, फत्तेखान, मुल्ला याह्या, संताजी घाटगे असे नामांकित सरदार. फौज दहा हजारांच्या आसपास, पुढं हत्ती. आपल्याकडची फौज साडेतीन ते पाच हजारांच्या दरम्यान सांगतात, म्हणजे सरळ हिशोब धरला तर एकास दोन किंवा एकास तीन.

आता महाराजांपुढं दोन वाटा होत्या. एक म्हणजे पन्हाळ्यावर दरवाजे लावून बसायचं, गड नुकताच घेतलेला, दाणागोटा किती आहे, तटाची अवस्था काय आहे, आतली माणसं किती भरवशाची आहेत याचा अजून नीट अंदाज नाही. दुसरी म्हणजे खाली उतरून तोंड द्यायचं. महाराज खाली उतरले. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात मोठं वाटतं ते हेच, कारण याआधी एवढ्या मोठ्या आदिलशाही फौजेला त्यांनी मोकळ्या रानात समोरासमोर कधी घेतलं नव्हतं.

लढाईची मांडणी कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यात दिलीय आणि ती वाचताना डोळ्यासमोर चित्र उभं राहतं. आदिलशाही फौज नेहमीच्या शाही पद्धतीनं उभी, मध्ये रुस्तुम आणि निवडक घोडदळ, एका बगलेला फाजलखान, दुसऱ्या बगलेला मलिक इतबार, मागं फत्तेखान आणि मुल्ला याह्या. महाराजांनी प्रत्येकासमोर आपला एकेक माणूस नेमून दिला. फाजलखानावर नेताजी पालकर, मलिक इतबारवर वाघ, मुल्ला याह्यावर हिरोजी इंगळे, फत्तेखानावर महाडिक, शिवाय सिधोजी पवार, गोदाजीराजे, जाधवराव, हणमंतराव खराटे, पांढरे, सिद्दी हिलाल हे सगळे आपापल्या जागी. आणि मधल्या फळीवर, म्हणजे खुद्द रुस्तुमवर, महाराज स्वतः. यातलं मर्म बघा, ज्याच्या त्याच्या गळ्यात त्याचा त्याचा गडी बांधून टाकला की मग शत्रूच्या एका बगलेला दुसरीच्या मदतीला जाता येत नाही, सगळे अडकून पडतात, आणि तेवढ्यात मधली फळी फोडायची. तेच झालं. घोडदळाचा जोराचा हल्ला मध्यावर झाला, रुस्तुमची फळी हटली, आणि मधलं निशाण मागं सरकलेलं दिसल्यावर दोन्ही बगला किती वेळ थांबणार.

रुस्तुम हुक्केरीच्या दिशेनं निघून गेला. बारा हत्ती आणि दोन हजार घोडे आपल्या हाती लागले. हे घोडे लक्षात ठेवा, पुढच्या उत्तरात लागतील.

प्रश्न (कसबा बावड्यातून, कॉलेजचा विद्यार्थी) : काका, आमच्या ग्रुपमध्ये वाद झालाय. एकजण म्हणतो शिवाजी महाराज फक्त गनिमी काव्यानं लढायचे, मैदानात मोगल-आदिलशाहीपुढं टिकाव लागला नसता म्हणून. मग ही लढाई कशी जिंकली? नशीब म्हणायचं का?

उत्तर : बाळा, तुझ्या मित्राला सांग की नशिबानं एखादा हत्ती सापडतो, बारा सापडत नाहीत.

गनिमी कावा ही महाराजांची एकमेव पद्धत होती हा समज आपल्याकडं इतका पक्का बसलाय की त्यामुळं त्यांच्या सैन्याची अर्धी ताकद आपल्याला दिसतच नाही. लाल मातीतला पैलवान समोरच्याचा कस बघून डाव टाकतो, एकाच डावावर आयुष्यभर कुस्त्या मारत नाही, हे तुला कोल्हापुरात राहून वेगळं सांगायला नको. जावळीत झाडी होती, दऱ्या होत्या, खानाचे हत्ती-तोफा-उंट तिथं उलट अडचण झाले, म्हणून तिथं तशी लढाई. कोल्हापूरला झाडी नाही, दऱ्या नाहीत. एकदा सकाळी धुकं उतरल्यावर पन्हाळ्याच्या सज्जाकोठीत जाऊन पूर्वेकडं बघ, समोर सगळं खुलं रान पसरलेलं दिसतं. आज तिथं ऊस आणि घरं आहेत, पण जमिनीचा उतार, तो सपाटपणा तोच. अशा ठिकाणी दबा धरायला जागाच नाही, इथं घोडाच पाहिजे.

आणि घोडा कुठनं आला? हा प्रश्न कुणी विचारतच नाही. मावळातली माणसं मुळात पायदळाची, डोंगर चढणारी, हातात ढाल-तलवार घेऊन रात्री कडा गाठणारी. घोडदळ उभं करायला पैसा लागतो, घोडा विकत घ्यायचा, त्याला दाणावैरण, त्याचा मोतद्दार म्हणजे घोडा सांभाळणारा माणूस. स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार आणि सरकारी पागेतला घोडा घेऊन लढणारा तो बारगीर. महाराजांना बारगीर वाढवायचे होते, कारण सरकारी घोड्यावरचा माणूस सरकारच्या हुकमात राहतो, शिलेदार घोडा आपला म्हणून जपून लढतो. पण बारगीर वाढवायचा तर पागा भरायला हवी. ती भरली जावळीत! अफझलखानाच्या तळावर पासष्ट हत्ती, चार हजार घोडे, बाराशे उंट मिळाले असं बखरीत आहे. बखरीतला आकडा तंतोतंत धरायचा नाही हे मान्य, पण घोडी हजारांनी आली यात शंका नाही. म्हणजे जे जनावर विजापूरनं महाराजांवर पाठवलं तेच दीड महिन्यात विजापूरच्याच फौजेवर चालून गेलं.

दुसरी गोष्ट वेळेची. १० नोव्हेंबर ते २८ डिसेंबर, सगळे मिळून अठ्ठेचाळीस दिवस. एवढ्या वेळात खान संपला, वाईपासून पन्हाळ्यापर्यंतचा मुलूख आला, पन्हाळा आला आणि वरनं ही लढाई. समोरच्या फौजेचं मन काय झालं असेल याचा विचार कर. फाजलखान आणि त्याच्याबरोबर जावळीतनं जिवानिशी सुटलेल्या लोकांच्या डोक्यातनं ते जंगल गेलेलं नव्हतं, बाकीच्यांनी ती हकीकत तळावर बसून ऐकलेली. आपल्या बाजूला प्रत्येकाच्या बुडाखाली ताजा घोडा आणि डोक्यात ताजा विजय. दहा हजार माणसं मनातनं अर्धी हरलेली असली की आकड्याचा फार उपयोग होत नाही.

तिसरी गोष्ट ऋतूची, आपल्याकडच्या माणसाला लगेच पटेल. डिसेंबरअखेर म्हणजे पावसाचं पाणी आटलेलं, जमीन टणक, खरिपाची पिकं निघालेली. याच रानात आषाढात घोडा घातला तर गुडघ्यापर्यंत रुततो. सहा महिन्यांनी आषाढात महाराजांना इथनंच पायवाटेनं, चिखलातनं विशाळगड गाठावा लागला, ते तर तुम्ही सगळे दरवर्षी चालून बघताच.

तेव्हा वादाचं उत्तर असं की महाराज जमीन, ऋतू, समोरचा माणूस आणि आपली तयारी बघून लढायचे, कधी त्यातनं रात्रीचा छापा निघायचा, कधी कोल्हापूर निघायचं.

प्रश्न (इचलकरंजीहून) : रुस्तुम-ए-जमान महाराजांना आतून फितूर होता आणि मुद्दाम हरला असं वाचनात आलं. यात तथ्य आहे का? तसं असेल तर विजयाला काय अर्थ राहिला?

उत्तर : संशय नवीन नाही, त्याच काळातला आहे. राजापूरच्या वखारीतले इंग्रज त्यांच्या पत्रांमध्ये रुस्तुमला शिवाजी महाराजांचा दोस्त समजत होते. त्याला कारणही आहे. रुस्तुमचा बाप रणदुल्लाखान, त्याच्यासोबत शहाजीराजांनी कर्नाटकच्या मोहिमा केल्या होत्या, दोन घराण्यांचा जुना घरोबा. शिवाय रुस्तुमचा आणि अफझलखानाच्या गोटाचा दरबारात फारसा मेळ नव्हता, त्यामुळं अफझलखानाचा सूड घ्यायला रुस्तुम जीव काढून लढला असेल असं मलाही वाटत नाही.

पण म्हणून लढाई ठरवून झाली म्हणणं मला अजिबात पटत नाही, आणि त्याचं कारण फाजलखान. त्याच्या बापाला मारलं होतं. तो काय कुणाच्या घरोब्यासाठी मुद्दाम हरणार होता? तो बगलेवर होता, समोर नेताजी होते, आणि तोही टिकला नाही. मलिक इतबार, फत्तेखान, मुल्ला याह्या, सगळे एकाच वेळी फितूर होते का? एका सेनापतीचं मन लढाईत नव्हतं हे खरं धरलं तरी एवढी सगळी फौज मोडायला समोरनं तेवढा जोर लागतोच. शिवाय समोरच्या सेनापतीच्या मनात काय चाललंय, दरबारात कुणाचं कुणाशी जमत नाही, हे आधीच माहीत असणं हेसुद्धा महाराजांचंच काम, त्यांचे हेर उगाच फिरत नव्हते.

प्रश्न (कागलहून) : आमच्या भागात घाटगे घराण्याला मान आहे. आदिलशाहीकडून घाटगे लढले हे वाचून मुलानं विचारलं, मग ते आपले की त्यांचे? काय सांगावं?

उत्तर : जे आहे ते सांगावं. मुलाला लहान वयातच हे कळलं तर बरं, नाहीतर मोठेपणी तो व्हॉट्सअॅपवरचा इतिहास खरा मानून बसेल.

त्या काळी घाटगे, घोरपडे, सावंत, सुर्वे, दळवी, मोरे, शिर्के ही सगळी वतनदार घराणी, पिढ्यानपिढ्या आदिलशाहीत किंवा निजामशाहीत चाकरी केलेली. वतनाचा कागद ज्या दरबाराचा, चाकरी त्या दरबाराची, हा त्यावेळचा रिवाज. स्वतः शहाजीराजे अफझलखान आला तेव्हा आदिलशाहीचेच सरदार होते ना. स्वराज्य ही कल्पनाच तेव्हा नवी, आणि एखाद्या तरुण जहागीरदाराच्या मागं जाऊन पिढीजात वतन पणाला लावायचं म्हणजे थट्टा नव्हती. जे आले त्यांचं मोठेपण त्यामुळंच जास्त वाटतं. जे नाही आले त्यातले बरेच, किंवा त्यांची पुढची पिढी, नंतर स्वराज्याच्या कामी आली.

आणि मुलाला दुसरी बाजूही सांगा. त्याच २८ डिसेंबरला महाराजांच्या फौजेत सिद्दी हिलाल होता. पुढं पन्हाळ्याला वेढा पडला तेव्हा तो फोडायला नेताजी पालकर आले, त्यांच्यासोबत हाच सिद्दी हिलाल आणि त्याचा मुलगा वाहवाह होते. तो पोरगा त्या लढाईत जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला, बापाला त्याला सोडवता आलं नाही. म्हणजे एका बाजूला मराठा घाटगे आदिलशाहीसाठी उभे, दुसऱ्या बाजूला सिद्दी बाप-लेक स्वराज्यासाठी. मुलाला एवढं सांगितलं तर पुढचं त्याचं त्याला समजेल.

प्रश्न (उत्तरेश्वर पेठेतून एक शिक्षिका) : दादा, लढाई जिंकली म्हणजे कोल्हापूर-पन्हाळा तेव्हापासूनच स्वराज्यात आला असं शिकवायचं का? मग वेढा, पावनखिंड हे सगळं कसं बसवायचं?

उत्तर : ताई, तसं शिकवू नका, कारण पन्हाळा पुढं गेला आणि परत मिळवायला तेरा वर्षं लागली. ती तेरा वर्षं मुलांना सांगण्यासारखीच आहेत.

लढाईनंतर महाराज मिरजेकडं गेले, तिथल्या किल्ल्याला वेढा घातला, नेताजी तर विजापूरच्या दिशेनं आतवर धाडी घालत गेले. मग आदिलशहानं कर्नूलकडचा सिद्दी जौहर, ज्याला सलाबतखान असा किताब दिला, त्याला मोठी फौज देऊन पाठवला. फाजलखान परत त्याच्यासोबत. मार्च १६६० च्या सुरुवातीला पन्हाळ्याला वेढा पडला. राजापूरच्या वखारीचा इंग्रज हेन्री रेव्हिंग्टन दारूगोळा घेऊन जौहरच्या मदतीला आला आणि गडावर गोळे टाकले, इंग्रजांचा झेंडा फडकवून! (त्याची किंमत त्यानं १६६१ मध्ये मोजली, महाराजांनी राजापूर मारलं आणि त्याला नि त्याच्या साथीदारांना गडांवर कैदेत टाकलं, १६६३ पर्यंत सुटका नाही.) तिकडं मे महिन्यात मोगलांचा शाहिस्तेखान पुण्यात येऊन बसला, म्हणजे स्वराज्य दोन्हीकडनं चेपलं गेलं, आणि महाराज गडावर अडकलेले.

१२ जुलैची रात्र, आषाढी पौर्णिमा, पाऊस. शिवा काशिदांनी महाराजांचा वेश घेऊन पालखीत बसायचं पत्करलं आणि जीव दिला. नेबापूरचा हा न्हावी समाजातला माणूस, पन्हाळ्याच्या पायथ्याला त्यांची समाधी आहे, वर्गाची सहल काढलीत तर गडावर जाण्याआधी पोरांना तिथं पाच मिनिटं थांबवा. मसाई पठारावरनं पुढं घोडखिंड, म्हणजे आपली पावनखिंड, तिथं बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांची माणसं, मागनं सिद्दी मसूदची फौज. महाराज विशाळगडाच्या पायथ्याला पोचले तर तिथं शृंगारपूरचे सुर्वे आणि पालवणीचे दळवी मोर्चे लावून बसलेले, ते फोडून वर जावं लागलं. यातलं बाजीप्रभूंचं सगळ्यांना माहीत आहे, बांदलांचं कमी बोललं जातं. त्या खिंडीत पडलेली बरीचशी माणसं हिरडस मावळातली, बांदलांच्या जमावातली होती. तुम्ही शिकवताना बांदलांचं नाव आवर्जून घ्या.

सप्टेंबर १६६० मध्ये पन्हाळा आदिलशाहीला देऊन टाकावा लागला. मग जानेवारी १६६६, पुरंदरच्या तहानंतर मोगल सेनापती मिर्झाराजे जयसिंगांसोबत विजापूरवर जाताना महाराजांनी पन्हाळ्यावर रात्री हल्ला केला, तो फसला, हजाराच्या आसपास माणूस गेला, नेताजी वेळेवर पोचले नाहीत आणि तिथंच त्यांच्यात आणि महाराजांत बिनसलं. ज्या नेताजींनी कोल्हापूरला फाजलखानाची बगल मोडली, त्यांची साथ त्याच पन्हाळ्याच्या पायथ्याला सुटली, हे मला फार लागतं.

शेवटी ६ मार्च १६७३. कोंडाजी फर्जंद, निवडलेली साठ माणसं, रात्री कड्यावरनं वर, आणि गड ताब्यात. कोल्हापूरच्या मैदानात हजारो घोड्यांनी जे काम केलं त्याच्या तोडीचं काम साठ माणसांनी अंधारात केलं. तेव्हा शिकवताना १६५९ ला पहिल्यांदा घेतला, १६६० ला गेला, १६७३ ला पुन्हा आला असं सांगा. करवीरची गादी, ताराराणी, वारणेचा तह हे सगळं त्याच्याही खूप पुढचं, अठराव्या शतकातलं, ते यात मिसळू नका.

प्रश्न (गडहिंग्लजहून) : मग नेसरीची लढाई पण कोल्हापूर जिल्ह्यातलीच. तिचा याच्याशी काही संबंध?

उत्तर : आहे, सरळ संबंध आहे. १६७३ ला पन्हाळा हातचा गेला म्हणून आदिलशाहीनं बहलोलखानाला पाठवलं. सरनोबत म्हणजे सेनापती प्रतापराव गुजरांनी त्याला उमराणीजवळ गाठून पाण्यापासून तोडला, खान शरण आल्यासारखा झाला, आणि प्रतापरावांनी त्याला जाऊ दिलं. तो परत फिरून आलाच. महाराजांची नाराजी प्रतापरावांच्या जिव्हारी लागली, आणि २४ फेब्रुवारी १६७४ ला, महाशिवरात्रीला, नेसरीच्या खिंडीत मुख्य फौज मागं ठेवून ते मोजक्या स्वारांसह, स्वतः धरून सात जण, खानाच्या फौजेवर तुटून पडले. कुणी परत आलं नाही. दोन डोंगरांमधल्या अरुंद जागेत हे घडलं आणि त्यांच्यासोबत सहाच स्वार होते असं त्यावेळच्या इंग्रजांच्या पत्रातही आलंय, म्हणजे ही नुसती दंतकथा नाही.

कोल्हापूरला महाराजांनी पुढं होऊन हल्ला केला तेव्हा दोन्ही बगलांना माणूस नेमलेला होता, नेसरीला प्रतापरावांच्या मागं कुणीच नव्हतं. त्यांच्या इमानाबद्दल, धाडसाबद्दल बोलायची आपली लायकी नाही, पण स्वराज्यानं राज्याभिषेकाच्या तोंडावर आपला सरनोबत गमावला हे नुकसान फार मोठं होतं आणि महाराजांना ते तसंच वाटलं. त्यांनी प्रतापरावांची मुलगी जानकीबाई राजाराम महाराजांसाठी सून करून घेतली. सरनोबती हंबीरराव मोहित्यांकडं गेली.

प्रश्न (शाहूपुरीतून) : २८ डिसेंबर ही तारीख पक्की का? दिनदर्शिकेतल्या तिथीशी जुळवून बघितली तर दहा दिवसांचा फरक येतो.

उत्तर : बरोबर येतो, तुम्ही नीट बघितलंत. आपल्याकडच्या इतिहासात शिवकाळाच्या तारखा जुन्या, म्हणजे ज्युलियन पद्धतीनं देतात. इंग्रज १७५२ पर्यंत तेच कॅलेंडर वापरत होते. आज आपण वापरतो ते ग्रेगोरियन, त्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचं अंतर. त्यामुळं मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीला झालेला अफझलखानाचा वध जुन्या पद्धतीनं १० नोव्हेंबर, नव्या पद्धतीनं २० नोव्हेंबर. तसंच कोल्हापूरची लढाई नव्या पद्धतीनं ७ जानेवारी १६६० येईल. पण सगळीकडं २८ डिसेंबरच लिहितात, तुम्हीही तेच लिहा, फक्त तिथी काढताना दहा दिवस धरा.

प्रश्न (राजारामपुरीतून, इयत्ता सातवी) : काका, मला शाळेत या लढाईचा नकाशा काढायचाय. आईनं तुम्हाला विचारायला सांगितलं. काय काय दाखवू?

उत्तर : फार छान प्रोजेक्ट घेतलास. मोठा चार्ट पेपर घे, आडवा धर. डावीकडं वर प्रतापगड काढ आणि त्याच्या उजवीकडं वाई. तिथनं खाली कराड, अजून खाली कोल्हापूर, आणि कोल्हापूरच्या डावीकडं जरा वर पन्हाळा, अंतर वीस किलोमीटरच्या आसपास. पन्हाळ्याच्या अजून डावीकडं, सह्याद्रीच्या काठाला विशाळगड, त्याच्याही खाली डावीकडं कोकणात राजापूर. कोल्हापूरच्या उजवीकडं मिरज, आणि उजवीकडं टोकाला विजापूर. हुक्केरी कोल्हापूरच्या खाली उजव्या बाजूला येईल. कृष्णा, वारणा आणि पंचगंगा या तीन नद्या निळ्या पेन्सिलीनं काढ, वारणा आणि पंचगंगा दोन्ही कृष्णेला मिळतात ते नीट दाखव, एक सांगलीजवळ आणि दुसरी नरसोबाच्या वाडीला.

मग भगव्या रंगानं महाराजांचा मार्ग, प्रतापगड ते वाई, वाई ते पन्हाळा, पन्हाळ्याहून कोल्हापूर, तिथनं मिरज. हिरव्या रंगानं रुस्तुमचा, विजापूरकडनं कोल्हापूर आणि मग तुटक रेघेनं हुक्केरी. प्रत्येक गावाशेजारी तारीख लिही, प्रतापगडाला १० नोव्हेंबर, पन्हाळ्याला २८ नोव्हेंबर, कोल्हापूरला २८ डिसेंबर. कोपऱ्यात एक छोटा चौकोन करून त्यात लढाईची मांडणी काढ, समोरासमोर दोन रांगा, मध्ये महाराज आणि रुस्तुम, एका बाजूला नेताजी आणि फाजलखान, दुसऱ्या बाजूला वाघ आणि मलिक इतबार, मागच्या रांगेत इंगळे-मुल्ला याह्या आणि महाडिक-फत्तेखान. हत्ती फक्त आदिलशाही बाजूला काढ. आणि नावं पेन्सिलीनं लिहून आधी आईला तपासायला दे, मग स्केचपेननं गिरव.